पांढरी बाटली, दीड झाकण

आर्णीला माझं कृषी केंद्र होतं तेव्हा मला माझ्या पाठांतराचा फार माज होता. शेतकरी पायरीवर चपला काढायच्या आत मी त्याला सांगायचो, तुझ्या धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या वावरात कोणतं बियाणं आहे, कपाशीची पऱ्हाटी किती दिवसांची झाली, मागची फवारणी कोणती होती. माणूस हातात एक पान घेऊन यायचा, पानामागं पांढरी माशी नाही तर तुडतुडे, आणि म्हणायचा, "भाऊ, द्या काही तरी." मी पान उलटं करून बघायचो, दोन-तीन डब्या काउंटरवर ठेवायचो आणि चिठ्ठी लिहायचो. लाल डबी एक झाकण, निळी दोन झाकणं, एका पंपाला. मिलीलिटर कुणी मोजत नव्हतं, आमच्याकडं माप म्हणजे झाकण. कृषी खात्याचा साहेब गावात यायचा तो सभेपुरता, त्यामुळं पिकाचा डॉक्टर म्हणजे मीच. लोक म्हणायचे, "याच्या डोक्श्यात रजिस्टर हाय." ते ऐकायला मला लय आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका औषध कंपनीनं त्या साली टूर जाहीर केली. ठरलेल्या पेट्या उचला आणि आठवडाभर श्रीलंका बघा. विमानानं जायचं, मग तिथं सगळं गाडीनं: जंगल, हत्ती, समुद्र, होडी. कागदावर हत्तीचा फोटो होता आणि खाली निळंशार पाणी. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. मुंबईला दोनदा गेलो, दोन्ही वेळा ऑफिसात बसून परत आलो. मी पेट्या उचलल्या.

ते साल तुम्हाला आठवत असेल, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली ते. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. वावरात शिरलेला माणूस बाहेरून दिसायचा नाही, फक्त पंपाचा आवाज यायचा. हात वर करून फवारायचं आणि तेच तुषार आपल्या तोंडावर घ्यायचे, अशी गत. अळी मरत नव्हती, म्हणून आम्ही एकात दुसरं औषध मिसळून देत होतो, आणि तेही पुरेना तेव्हा तिसरं. ऐन फवारणीच्या दिवसांत टूर कशाला, असं मी कंपनीच्या सेल्स ऑफिसरला विचारलं होतं. तो म्हणाला, "शेठ, तिथल्या तलावावर हत्ती याच दिवसांत गोळा होतात. हत्ती काय तुमचा हंगाम बघून येतील?" तो नागपूरकडचा पोरगेला माणूस, गुळगुळीत बोलणारा. मी हसलो आणि बायकोला दुकानावर बसवायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी दादा आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचं गाव आर्णीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि तिथलं सगळं वावर तोच बघायचा. वडील गेल्यावर त्यानं शाळा सोडली नसती तर मी कुठलं दुकान टाकतो? दादा पायरीवर न थांबता थेट गल्ल्यामागं येऊन बसला, तो एकटाच तसा बसायचा.

"अळी हटून नाई राह्यली रे," तो म्हणाला. "बोंडं पोखरून राह्यली. काही भारी दे."

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं इथून आहे. सेल्स ऑफिसरनं मला एक पांढरी बाटली दिलेली होती. नमुन्याची. लेबल नाही, वर मार्करनं नुसता आकडा. औषध अजून बाजारात यायचं होतं. "घरच्याच वावरात टाकून बघा आणि रिझल्ट सांगा," असं म्हणून त्यानं आत काय काय आहे ते माझ्या कानात सांगितलं होतं. मी एकदा ऐकलं म्हणजे बसलंच. तर ती बाटली मी दादाला दिली. प्रेमानं दिली हो. गिऱ्हाइकाला काउंटरवरचं आणि घरच्या माणसाला आतलं, ही आमच्या धंद्यातली रीत. चिठ्ठीवर लिहिलं, पांढरी बाटली दीड झाकण, निळी डबी दोन झाकणं.

"तोंडाले दुपट्टा बांधजो," मी म्हटलं.

"हाव रे. मी काय आजच फवारून राह्यलो काय?" दादानं बाटली पिशवीत टाकली. "तू जा. हत्ती पाहून ये अन् मले सांगजो."

आम्ही तीस-बत्तीस दुकानदार नागपूरहून निघालो. सगळ्यांच्या अंगात कंपनीचे पिवळे टी-शर्ट आणि डोक्यावर पिवळ्या टोप्या, टोपीवर फुटलेल्या बोंडाचं चित्र. माझ्या खोलीत दारव्ह्याचा एक दुकानदार होता. जाड्या, बोलका, आणि सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याशिवाय अर्धा तास न राहणारा. लंकेत खर्रा मिळणार नाही म्हणून बाप्यानं पुड्या मोज्यांत भरून आणल्या होत्या. कोलंबोला उतरल्यावर विमानतळाच्या संडासात मोजे काढून बसला होता आणि मी बाहेर त्याची बॅग धरून उभा. "हसू नको बे," आतून म्हणे, "पायाचा घाम लागला तर चव जाते."

टूरच्या मॅनेजरनं विमानतळावरच आमचे पासपोर्ट गोळा केले आणि कमरेच्या पाऊचात घालून चेन ओढली. "हरवले तर मला निस्तरावं लागतं," म्हणाला. मग बस. बसच्या काचा कायमच्या बंद, एसीची गार हवा टाळूवर आणि पुढच्या टीव्हीवर कंपनीच्या औषधाची फिल्म. बाहेर नारळ, केळी, भाताची खाचरं, सायकलवर छत्री धरून जाणाऱ्या बाया. सगळं काचेच्या पलीकडं. मला खिडकी उघडून चार घोट हवा घ्यायची होती. मी दोनदा काच ढकलून पाहिली. मागून कुणी तरी ओरडलं, "भाऊ, एष्टी नोहे ते!" आणि सगळी बस हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हत्तींच्या तलावावर पोचलो. मिन्नेरिया त्याचं नाव. वरून उघड्या जीपगाड्या, एकेकीत सहा जण. आमच्या जीपमध्ये मी, दारव्हेवाला, सेल्स ऑफिसर आणि आणखी तिघे. पुढं तिथला एक काळासावळा गाइड, येणाऱ्या-जाणाऱ्या टूरवाल्यांकडून हिंदी शिकलेला. आधी झुडपी रान लागलं, मग एकदम मोकळं झालं. पाणी मागं सरकून हिरवं कुरण उघडं पडलेलं, आमच्या अरुणावती धरणाच्या पोटात उन्हाळ्यात दिसतं तसं, फक्त इथं गुरांच्या जागी हत्ती. मोजायला गेलो आणि सोडून दिलं. पिल्लं आयांच्या पायांत घुसत होती. सोंडेनं गवत उपटायचं, पायावर आपटून माती झटकायची आणि तोंडात घालायचं, सगळे हत्ती तसंच करत होते. मला वाटलं, हे दादाला सांगायचं. निंदणाऱ्या बाया जशा मुळाची माती झटकतात तसे झटकतात म्हणून सांगायचं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. मॅनेजरनं आम्हाला तिथलं सिम घेऊन दिलं होतं. बायको बोलत होती आणि आवाज तुटत होता. "अहो... दादाले यवतमाळले नेलं... वावरात पडले... डॉक्टर इचारून राह्यले औषध कोणतं..." आणि फोन मेला.

मी पुन्हा लावला. रेंज नाही. उभं राहून फोन वर धरला, तरी नाही. "गाडी काढ," मी गाइडला म्हटलं, "मला रस्त्यावर जायचं आहे." त्यानं ओठावर बोट ठेवलं आणि पुढं दाखवलं. झुडपांतून एक कळप निघून बरोबर आमच्या वाटेवर आला होता. एक थोराड हत्तीण वाटेच्या मधोमध, दोन्ही कान पसरून. तिच्यामागं पिल्लं. वळून पाहिलं तर आमच्या मागं जीपगाड्यांची रांग लागलेली. गाइडनं इंजिन बंद केलं. "बैठो साहब. बच्चा है. अभी कोई नहीं हिलेगा."

पाऊण तास. पाऊण तास मी त्या पत्र्याच्या पिंजऱ्यात उभा होतो, भोवती लोक फोटो काढत होते आणि मला बोंबलून रडावंसं वाटत होतं. वावरात पडले म्हणजे काय? कुठं पडले, पंप पाठीवर असताना? त्या उंच पऱ्हाटीत माणूस पडला तर दिसतो तरी कुणाला? हत्तीण एक पाऊल टाकायची आणि थांबायची. त्या जनावराचा मला असा राग आला होता म्हणून सांगू!

सेल्स ऑफिसर माझ्याकडं बघत होता. "काय झालं शेठ?"

मी सांगितलं.

"कोणतं औषध दिलं होतं?"

"निळी डबी. अन् तुमची पांढरी बाटली."

त्याचा चेहरा उतरला. मग तो माझ्या शेजारी सरकला, आणि बाटलीत काय आहे ते सांगितलं होतं तसाच कानाशी येऊन हळू बोलला. "शेठ, पांढऱ्या बाटलीचं नाव घेऊ नका. लेबल नाही, बिल नाही. माझी नोकरी जाईल ते सोडा. विक्रीचं लायसन तुमच्या नावावर आहे. पोलिसात जाईल हे. अन् दवाखान्यात काय करायचं ते करतातच ना, सलाईन लावतात, दोन दिवसांत माणसं घरी येतात."

दारव्हेवाला खर्रा चघळत समोर हत्ती बघत होता. त्यानं ऐकलं की नाही मला कळलं नाही.

पक्क्या रस्त्याला लागताच मी फोन लावला. बायकोनं सगळं सांगितलं. दादा सकाळपासून फवारत होता. दुपारी धुऱ्यावर आला आणि म्हणाला, डोळ्यांपुढं धूर येऊन राह्यला, आणि उलटी करून तिथंच कोसळला. वहिनीनं शेजारच्याची जीप बोलावली. आता यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात होते, बायको दुकान बंद करून तिथं पोचलेली. "डॉक्टरले निळी डबी दाखवली," ती म्हणाली. "पण पांढऱ्या बाटलीवर काहीच लिहेल नाई. त्यात काय होतं ते सांगा म्हणतात. त्याच्यावर इंजेक्शन ठरते म्हणतात. दादा शुद्धीवर होते तवा एकच म्हणून राह्यले, माह्या भावाले इचारा, त्याले सगळं पाठ असते."

सेल्स ऑफिसर दोन हातांच्या अंतरावर उभा होता, सिगारेट पेटवत.

मी म्हटलं, "आठवत नाही गं. कागद बघावा लागेल."

"आठवत नाई?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. आमच्या लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती आणि हे वाक्य तिनं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

"बघून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या माणसानं माझा हात धरला नव्हता. तोंडही दाबलं नव्हतं. फोन माझ्या हातात, नाव माझ्या जिभेवर, आणि मी ते गिळलं. लायसन डोळ्यांपुढं आलं, पोलीस आले, दुकानाच्या शटरवर चिकटवलेला कागद आला, पोरीची शाळा आली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोक काय म्हणतील ते आलं, की डोक्श्यात रजिस्टर असणाऱ्यानं सख्ख्या भावाला बिननावाचं औषध दिलं. दादा बरा होईल, सलाईनवर उठून बसेल, मग नाव सांगायची गरजच काय, असं मी स्वतःला पटवत राहिलो. मी भ्यालो होतो. दुसरा शब्द नाही त्याला.

बसनं आम्ही पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलो, त्रिंकोमालीला. रात्रीबद्दल सांगत नाही.

सकाळी हॉटेलच्या मागं पाऊल टाकलं आणि समोर समुद्र. एवढी वर्षं ज्याची हौस धरली तो समुद्र, आणि मी त्याच्याकडं पाठ करून फोन लावत होतो. बायकोनं पहिल्याच रिंगला उचलला. "दादा कोनाले ओळखून नाई राह्यले," ती म्हणाली. "वहिनी बाहेर बसल्या हायेत, बोलून नाई राह्यल्या. कागद भेटला काय?"

"बघतो," मी म्हटलं. "थांब जरा."

सेल्स ऑफिसर वाळूत उभा राहून डोकी मोजत होता. कुणी तरी माझ्या गळ्यात भगव्या रंगाचं जाकीट अडकवलं, पट्टे ओढले आणि माझा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद केलं. डॉल्फिन बघायला जायचं होतं. आणि मी होडीत चढलो. होय, चढलो. आजही रस्त्यानं चालताना ते आठवलं की मी स्वतःला मोठ्यानं शिवी देतो, लोक वळून बघतात.

होडीत आम्ही आठ जण. किनारा बारीक होत गेला, मग त्याची नुसती रेघ राहिली. चारी बाजूंनी पाणी. दारव्हेवाला माझ्या शेजारी बसला होता, त्या दिवशी त्याच्या तोंडात खर्रा नव्हता. इंजिनाच्या आवाजात माझ्याकडं वाकून तो म्हणाला, "काल घरच्या बाईले काय सांगितलं तू?"

"कुठं काय?"

"आठवत नाई म्हणून सांगितलं. मी मांगंच उभा होतो." त्यानं माझ्या जाकिटाचा पट्टा मुठीत धरला. "अबे, पाच साल मांगं माह्या मामाच्या वावरात कोणतं औषध गेलतं थे तू मले परवा विमानात सांगितलं. अन् आता आता दिलेल्या बाटलीचं नाव तुले आठवून नाई राह्यलं? कोनाले येडं बनवून राह्यला? भाऊ हाय का नाई तो तुया?"

मी उभा राहिलो. होडी हलली, सगळे ओरडले. मी होडीवाल्याला हातानं खुणा केल्या, परत, परत घे. त्याला ना हिंदी ना मराठी. त्यानं हसून खाली बसायची खूण केली. पिशवीतल्या फोनवर रेंज नव्हती. तेवढ्यात समोर पाण्यातून काळ्या पाठी वर आल्या, एक, दोन, मग दहा-बारा, आणि आमचे लोक टोप्या उडवून नाचायला लागले. "अरे पाह्य ना बाप्पा! उडून राह्यले!" होडीवाल्यानं इंजिनाला जोर दिला आणि डॉल्फिनच्या मागं आणखी आत निघाला. प्रत्येक लाटेबरोबर मी यवतमाळपासून लांब चाललो होतो. मी कठड्यावरून ओकलो. डोक्यावरची पिवळी टोपी पाण्यात पडली आणि मागं राहिली.

शेवटी दारव्हेवालाच उठला. एवढा जाड माणूस, डुलणाऱ्या होडीत दोन्ही पाय रोवून उभा राहिला आणि ओरडला, "बंद करा रे तुमचा तमाशा! याचा भाऊ दवाखान्यात मरून राह्यला!" नाचणारे खाली बसले. सेल्स ऑफिसर काही तरी म्हणायला गेला. दारव्हेवाल्यानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग तो होडीवाल्याजवळ गेला, आपल्या छातीवर हात ठेवला, माझ्याकडं बोट केलं आणि किनाऱ्याकडं बोट केलं. होडीवाला समजला. भाषा लागली नाही.

किनारा गाठायला तासभर लागला. गुडघाभर पाण्यातच मी उडी टाकली, दातांनी पिशवी फाडली आणि फोन लावला. "डॉक्टरला दे," मी म्हटलं. बायको पळत गेली, तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. डॉक्टर आले. मी नाव सांगितलं. दोन औषधं होती त्या बाटलीत, दोन्हीची नावं, त्यांचं प्रमाण, दीड झाकण म्हणजे अंदाजे किती, सगळं घडाघडा सांगितलं. अडखळलो नाही एकदाही.

डॉक्टरनं लिहून घेतलं आणि विचारलं, "काल का नाही सांगितलं?"

"काल लक्षात नव्हतं," मी म्हटलं.

त्यानंतर मी मॅनेजरच्या मागं लागलो की मला माझा पासपोर्ट दे, मी जातो. तो म्हणाला, ग्रुपचं तिकीट आहे, एकट्याचं बदलत नाही, कोलंबो इथून दिवसभराच्या रस्त्यावर, तीन दिवसांनी सगळे मिळूनच जाऊ. मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. तो वाईट नव्हता बिचारा, त्यानं पाणी आणून दिलं, पण पाऊचाची चेन उघडली नाही. आणि ते तीन दिवस मी त्या बंद काचांच्या बसमध्ये बसून लंका पाहिली. किल्ला, बाजार, वाळू, पुन्हा वाळू. समुद्राच्या कड्यावर महादेवाचं एक देऊळ आहे, तिथं दारव्हेवाल्यानं माझ्या भावाच्या नावानं नारळ फोडला. मी आत गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

दादा जगला. नाव कळल्यावर डॉक्टरांनी औषध बदललं आणि चौथ्या दिवशी तो माणसं ओळखायला लागला, आवाजावरून. मी नागपूरहून थेट दवाखान्यात गेलो. दादा खाटेवर बसून होता. त्याचे डोळे उघडे होते आणि माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होते.

"कोन? तू आला काय?" त्यानं हात पुढं केला. "हत्ती पाह्यले काय रे?"

त्याची नजर परत आली नाही. उजेड कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं, बाकी धूर. एक दिवस आधी नाव कळलं असतं तर डोळे वाचले असते का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. त्या डॉक्टरांची बदली झाली तेव्हा मला बरं वाटलं, एवढा मी हलकट. दुकानाची चौकशी झाली, शटर काही महिने खाली होतं. लायसन परत मिळालं, पण मी शटर पुन्हा वर केलं नाही. आता गावातच राहतो, दादाचं आणि माझं वावर बघतो.

आणि दादा सगळीकडं माझी गोष्ट सांगतो. पाहुणा आला, सोयरीक जमवायला कुणी आलं, डोळे असे कशानं झाले म्हणून कुणी विचारलं, की तो ताठ बसतो. "मी गेलतोच," म्हणतो. "पण हा माहा लहान भाऊ. हा लंकेत होता, समुद्रात. डॉक्टरनं इचारलं, अन् यानं तिथून नाव सांगितलं. इचारल्याबरोबर! याले सगळं पाठ असते." लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी खाली बघतो, आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटतो.

दुपारी जेवणं झाली की दादाला टूर ऐकायची असते. त्याला डोळे नाहीत, दिवस सरत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा सांगायची. बंद बस सांगायची, मोज्यातला खर्रा सांगायचा, गवताची माती झटकणारे हत्ती सांगायचे. हत्तीणीनं वाट अडवली ते त्याला फार आवडतं. मग किनारा, होडी, डॉल्फिन. मी क्रमानं सांगतो, कारण माझं पाठांतर चांगलं आहे.

मागच्या साली कापूस वेचणी चालू होती. बाया वावरात होत्या आणि आम्ही दोघं धुऱ्यावरच्या निंबाखाली बसलो होतो. माझी टूर सांगून संपली होती. दादा बराच वेळ काडीनं माती उकरत होता. मग म्हणाला, "मी पडलो थो पहिला फोन तुले कुठी आला रे?"

"हत्तीत," मी म्हटलं.

"दुपारी?"

"हाव. दुपारी."

"अन् नाव सांगितलं थे समुद्रावरून."

"हाव."

"थे सकाळी."

वावरातून बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता. दादानं काडी मोडली.

"म्हंजे मंधात एक रात होती," तो म्हणाला.

मला वाटलं, आता सुटलो. आता हा मला शिव्या देईल, थोबाडीत मारील, आणि मी त्याच्या पायावर पडेन आणि सगळं ओकून टाकीन. मी तोंड उघडलं. "दादा," म्हटलं.

"पाणी दे," दादा म्हणाला. मी गडव्यातून पाणी दिलं. तो प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बायाईले सांग, धुऱ्याकडची बोंडं सोडू नका म्हणा." मी उठून सांगायला गेलो. परत आलो तेव्हा तो आडवा झाला होता, तोंडावर दुपट्टा घेऊन.

दुसऱ्याच दिवशी बाभुळगावहून वहिनीचे नातलग आले. चहा झाला. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं डोळ्यांचं विचारलं. मला वाटलं, आज हा सांगणार नाही. दादा ताठ बसला. मी दाराशी उभा राहून आणखी चहा हवा का विचारत होतो. त्यानं मान फिरवली, माझा आवाज जिकडून आला होता तिकडं तोंड केलं, आणि सांगितलं.

"हा समुद्रात होता," तो म्हणाला. "डॉक्टरनं इचारलं, अन् यानं नाव सांगितलं." जरा थांबला. "इचारल्याबरोबर."

म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला, "भाऊ असावा तर असा." मी कपबशा उचलून आत गेलो.